जास्त दामाचा गूळ : घ्यावा कीं न घ्यावा ?



एकाच जातीच्या खाद्यपदार्थास एक दुकानदार साठ रुपये मागतो आणि दुसरा एकशेंवीस; तेव्हां वरचे साठ रुपये नेमके कशाचे, हा प्रश्न प्रत्येक गृहस्थास कधीं ना कधीं पडतोच. शहरांतील तरुण मंडळी हा वाद उंची बर्गर आणि लहान भट्टींत आंबविलेली बिअर यांविषयीं घालतात. आमच्या शाहूवाडीकडे हे पदार्थ कोणी फारसे विचारीत नाहीं. पण तोच प्रश्न आमच्याकडे गुळाच्या रूपानें उभा राहिला आहे. साधा गूळ आणि 'सेंद्रिय', 'रसायनविरहित' अशा चिठ्ठ्या लावलेला महाग गूळ, असे दोन गूळ आज दुकानांत शेजारी शेजारी बसतात. त्यांतला कोणता घरीं न्यावा, याचा आज आपण हिशेब करूं.

कोल्हापुरी गुळाचें नांव आजकालचें नव्हे. राजर्षि शाहू महाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरीची पेठ वसविली ती मुख्यत्वें गुळाच्या व्यापारासाठीं. पुढें २०१४ सालीं या गुळास भौगोलिक मानांकन मिळालें. जमीन, पाणी, उसाची जात आणि गुळव्याचा हात, या चौघांच्या मेळानें हें नांव झालें आहे.

गूळ होतो कसा, हें ठाऊक असल्यावांचून किंमतीचा निवाडा करतां येणार नाहीं. चरकांतून निघालेला रस मोठ्या काहिलींत ओततात. खालीं चुलवाणांत उसाचींच वाळलेलीं चिपाडें जळत असतात. जाळ राखणारा तो जळव्या आणि रसावर नजर ठेवणारा तो गुळव्या. रस तापला म्हणजे मळी वर येते. ती नीट सुटावी म्हणून रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात, आणि रसांतील आंबटपणा मोडावा म्हणून थोडा चुना. उष्णमान १०५ अंश सेल्सिअसच्या पुढें गेलें कीं काकवी तयार होते. ११८ अंशांच्या सुमारास गुळाचा पाक उतरतो. मग तो वाफ्यांत ओतून, घोटून, रवे पाडतात. शंभर किलो उसापासून गूळ निघतो तो अवघा दहा ते बारा किलो. पाक एक क्षण आधीं उतरला तर गूळ मऊ राहतो; एक क्षण उशीर झाला तर करपतो. ही पारख पुस्तकांतून येत नाहीं.

आतां मुख्य दोषाकडे वळूं. पेठेंत गुळाचा सौदा होतो तो डोळ्यांनीं. पिवळाधमक रवा दिसला कीं बोली वर चढते. तांबूस रवा मागें पडतो. म्हणून कित्येक गुऱ्हाळांत 'हायड्रोस' नांवाची गंधकयुक्त पूड रसांत टाकूं लागले. तिनें रंग उजळतो. परंतु तो टिकत नाहीं, साठवणींत पुन्हां काळवंडतो. गुळांत गंधकाच्या या अंशाची मर्यादा कायद्यानें किलोमागें ७० मिलिग्रॅम ठरविली आहे. पण काहिलीपाशीं पूड टाकतात ती तराजूनें नव्हे, मुठीनें. दुसरा दोष याहून चमत्कारिक आहे. साखर गुळापेक्षां स्वस्त पडते तेव्हां कांहीं लोक रसांत साखरच विरघळवितात. गूळ घट्ट होतो, उजळ दिसतो, आणि गिऱ्हाईक गुळाच्या दामानें साखर घरीं नेतो !

येथें दोष एकट्या गुऱ्हाळवाल्याचा म्हणतां येईल काय ? जो गुळव्या पूड न टाकतां प्रामाणिकपणें गूळ करितो, त्याच्या तांबूस रव्यास सौद्यांत कमी भाव येतो. म्हणजे प्रामाणिकपणाचा दंड तो भरतो, आणि तो दंड ठोठावतो आपला पिवळ्या रंगाचा हव्यास. अशा माणसास चार रुपये अधिक देणें हें दान नव्हे. त्याच्यावर झालेल्या अन्यायाची ती भरपाई आहे.

परंतु वरचे सगळेच रुपये त्याच्या हातीं जातात असें समजूं नये. सुबक डबा, चौकोनी वड्या, पूड, जाहिरात आणि दुकानाचें भाडें, यांचाहि वांटा त्यांत असतो. १८ जुलै २०२२ पासून नांवाच्या चिठ्ठीसह वेष्टनांत बांधलेल्या गुळावर पांच टक्के करहि बसला. या खर्चानें गूळ गोड होत नाहीं.

औषधी गुणांची तर फारच बडबड ऐकूं येते. गूळ कितीहि शुद्ध असला तरी तो मुख्यतः साखरच आहे. अन्नविषयक नियमांप्रमाणें त्यांत एकूण शर्करा शेंकडा ९० पेक्षां कमी असतां कामा नये. त्यांत थोडें लोह व खनिजें असतात हें खरें. पण दिवसाकांठीं खाल्लेल्या एका खड्यांतून मिळणारें लोह अल्पच. त्यासाठीं नाचणी आणि पालेभाजी बऱ्या. मधुमेही माणसानें तर 'हा सेंद्रिय आहे' या समजुतीवर एक खडाहि अधिक खाऊं नये.

मग पारख करावी कशी ? गडद रंग हा शुद्धतेचा दाखला नव्हे. शिळा ऊस, करपलेला पाक, न काढलेली मळी, यांनींहि गूळ काळा होतो. पेलाभर पाण्यांत खडा विरघळवून पाहावा. माती किंवा खडूची भुकटी तळाशीं बसते. जिभेवर खारट लागला तर तो बहुधा क्षारपड जमिनीचा. मात्र मिसळलेली साखर आणि गंधक यांचा पत्ता घरीं लागत नाहीं. त्यास प्रयोगशाळाच हवी. आणखी एक भेद ध्यानांत असूं द्यावा. 'सेंद्रिय' हा शब्द ऊस पिकविण्याच्या रीतीविषयीं आहे, आणि 'रसायनविरहित' हा रस आटविण्याच्या रीतीविषयीं. विक्रेता एक शब्द उच्चारून दोहोंचे दाम घेत असेल, तर त्यास प्रमाणपत्र दाखविण्यास सांगावें.

आतां हिशेब. समजा, घरांत महिन्यास दोन किलो गूळ लागतो आणि किलोमागें साठ रुपये अधिक पडतात. म्हणजे महिन्याचे एकशेंवीस. ओळखीच्या गुऱ्हाळाचा, पूड न घातलेला गूळ असेल, तर पुरणपोळींत आणि तिळगुळांत त्याची चव निराळी कळते, आणि हे रुपये सार्थकीं लागतात. तेच रुपये नुसत्या डब्यासाठीं आणि आरोग्याच्या गप्पांसाठीं जात असतील, तर ते वांचवून घरांतल्या मुलांना दूध पाजावें.

ज्यांस अधिक दाम परवडत नाहीं, त्यांनीं निदान एक गोष्ट करावी, तिला खर्च नाहीं. दुकानांत पिवळाधमक रवा मागूं नये. साधा तांबूस गूळ मागावा. दहा घरांनीं असें मागितलें तर दुकानदार पेठेंत तसाच मागेल, आणि पेठेंत मागणी झाली कीं चुलवाणापाशीं उभा असलेला गुळव्या हातांतली पूड खालीं ठेवील.