अल्लाह, खुदा, परवरदिगार

लखनौच्या चौक भागातील एखाद्या जुन्या घरी आपण पाहुणे म्हणून गेलात, तर यजमान किंचित वाकून, उजवा हात कपाळापाशी नेऊन ‘आदाब अर्ज है’ म्हणतील. या अभिवादनात ईश्वराचे नाव नाही; म्हणूनच हिंदू व मुसलमान या दोघांच्याही तोंडी ते तेथे पिढ्यान्‌पिढ्या शोभले. ईश्वराचे नाव येते ते निरोपाच्या वेळी. ‘खुदा हाफिज’, म्हणजे परमेश्वर आपला रक्षणकर्ता असो.

वाचकहो, या दोनच शब्दांवरून अलीकडच्या दशकांत पुष्कळ खल झालेला आहे. ‘खुदा’ हा शब्द फारसी. त्याचा मूळ अर्थ धनी, स्वामी असा असून इस्लामपूर्व इराणातही तो प्रचलित होता. तेव्हा कुराणातील ‘अल्लाह’ हेच नाव घ्यावे, असा आग्रह १९८० नंतर पाकिस्तानात वाढला आणि पुढे आपल्याकडेही ‘अल्लाह हाफिज’ रूढ होत गेले. या मताच्या लोकांचे म्हणणे असे की, ‘अल्लाह’ या शब्दाला अनेकवचन नाही व स्त्रीलिंगही नाही. असा शब्द दुसरा कोठे मिळणार? मुद्दा खरा आहे. मात्र अरब लोक स्वतः निरोप घेताना ‘अल्लाह हाफिज’ म्हणत नाहीत, आणि अरब ख्रिस्ती आपल्या परमेश्वराला ‘अल्लाह’ असेच संबोधतात. ज्या शब्दांनी आजीने आयुष्यभर आपल्याला उंबऱ्यावरून निरोप दिला, ते शब्द एकाएकी उणे कसे ठरले, हा अनेक वृद्धांचा प्रश्न मला तरी रास्त वाटतो.

शिवाय हा ‘खुदा’ आपणा मराठी माणसांनाही परका नाही. ‘नाखुदा’ म्हणजे नौकेचा धनी. त्याचाच आपल्या किनाऱ्यावर ‘नाखवा’ झाला!

‘अल्लाह’ हे मुख्य नाव. त्याखेरीज परंपरेने नव्याण्णव गुणनामे मानली जातात. रहमान म्हणजे परम दयाळू, रज्जाक म्हणजे अन्नदाता, गफूर म्हणजे क्षमाशील. येथे मराठी माणसाकडून एक चूक हमखास होते, आणि ती माझ्याही हातून झालेली आहे. आपण आपल्या मुलांना राम, विठ्ठल, नारायण अशी थेट देवाचीच नावे ठेवतो. मुलाला हाक मारताना अजामिळाचा उद्धार झाला ही कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. मुसलमान कुटुंबात मात्र मुलाला ईश्वराचा दास म्हणून नाव देतात. ‘अब्द’ म्हणजे दास. अब्दुल रज्जाक म्हणजे अन्नदात्याचा दास. एका अब्दुल रहमान नावाच्या गृहस्थांना मी पत्रात ‘प्रिय अब्दुल’ असे सलगीने लिहिले होते. त्याचा अर्थ ‘प्रिय अमक्याचा दास’ एवढाच उरतो. नुसते ‘रहमान’ लिहिणे तर काटेकोर माणसाला अधिकच खटकते, कारण ते नाव केवळ ईश्वराचे. पूर्ण नाव लिहावे, हे उत्तम.

लखनौची बोली या बाबतीत फार मोकळी. ‘परवरदिगार’ म्हणजे पालनकर्ता. ‘ऊपरवाला’, ‘मालिक’ हे तर सर्वांचेच. लहान मुले ‘अल्लाह मियाँ’ म्हणतात. काही धर्मपंडितांना ‘मियाँ’ हे बिरुद ईश्वराला अयोग्य वाटते, पण आज्यांनी ते ऐकलेले दिसत नाही. मुशायऱ्यात चांगल्या शेराला ‘सुभानअल्लाह’ अशी दाद मिळते, तीही वस्तुतः ईश्वराचीच स्तुती. ‘मौला’ या शब्दाने कधी ईश्वर, तर कधी हजरत अली अभिप्रेत असतात. १७८४ च्या दुष्काळात नवाब आसफुद्दौला यांनी मोठ्या इमामबाड्याचे काम काढून हजारो हातांना मजुरी दिली. मौला ज्याला देत नाही त्याला आसफुद्दौला देतो, अशी म्हणच त्या नगरात पडली. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ही मोठीच अतिशयोक्ती; पण लखनौकरांनी ती कौतुकाने जपली आहे.

आता अनुवादकाची अडचण. ‘खुदा’साठी मराठीत देव लिहावे, की ईश्वर, की परमेश्वर? ‘देव’ म्हटले की ‘देवी’ सहज आठवते आणि मूळ अर्थाला धक्का बसतो. मी बहुधा ‘परमेश्वर’ लिहितो. मात्र मजकुरात कोणी कोणाला निरोप देत असेल, तर ‘खुदा हाफिज’ तसेच राहू देतो.