ताडोबाचा वाघ, तुकड्या-तुकड्यांत

वाघाच्या फोटोला जिगसॉचं रूप द्यायला ‘गिंप’ हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. फिल्टर्स, रेंडर, पॅटर्न, जिगसॉ असं जा. आडवे-उभे तुकडे किती ते भरा आणि ‘कर्व्ह्ड’ निवडा. चौकोनी खाचा ओबडधोबड दिसतात. बेव्हल कमीच ठेवा, नाहीतर पट्टे झाकोळतात. फिल्टर नुसत्या रेघा ओढतो. एखादा तुकडा सुटा दाखवायचा तर तो कापून नव्या लेयरवर सरकवावा लागतो. काढायचाच तर कुशीवरचा काढा. उन्हाळी गवत सगळीकडे सारखंच, पट्टे मात्र दोन वाघांचे कधी जुळत नाहीत. कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंतून वाघ ओळखतात ते त्यावरूनच. वाघाचा कंटाळा आला असेल तर जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचा नकाशा घ्या. गडचिरोलीचा तुकडा त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी सुटा झाला.