समानत्तता आणि उच्च शिक्षण

समाजाला एकत्र बांधून ठेवणारी चार साधने भगवान बुद्धांनी सांगितली आहेत. दान, प्रियवचन, अर्थचर्या आणि समानत्तता ही ती चार 'संगहवत्थू' होत. यांपैकी चौथ्या शब्दाचा अर्थ पुष्कळदा 'सर्वांना सारखी वागणूक' एवढाच केला जातो. तो अपुरा आहे. समानत्तता म्हणजे दुसऱ्याला आपल्यासमान मानून त्याच्या सुखदुःखात समभागी होणे. ज्याची स्थिती विषम आहे, त्याला केवळ सारखा नियम लावल्याने हे साधत नाही. उच्च शिक्षणातील समतेचा विचार करताना हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

विनयपिटकात तो स्पष्ट दिसतो. संघाचे द्वार सर्व जातींना खुले होते. न्हावी कुळातील उपालीला शाक्यकुमारांच्या आधी प्रव्रज्या मिळाली, ती कुमारांचा कुलाभिमान गळावा म्हणून. परंतु महावग्ग द्वार उघडण्यापाशीच थांबत नाही. शिष्याजवळ भिक्षापात्र नसेल आणि उपाध्यायाजवळ असेल, तर उपाध्यायाने ते द्यावे अथवा मिळवून देण्याची खटपट करावी, असे तेथे सांगितले आहे. चीवराविषयीही तसेच, आणि शिष्य आजारी पडला तर उपाध्यायाने त्याची शुश्रूषा करावी, असेही. प्रवेश आणि निर्वाहाचे साधन यांची अशी सांगड अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेने घातलेली आहे. आजच्या भाषेत प्रवेश म्हणजे राखीव जागा आणि पात्र म्हणजे शिष्यवृत्ती, वसतिगृह व मार्गदर्शन.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही दोन्ही अंगे ओळखली होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४२ साली त्यांनी अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा, अशी लेखी मागणी केली. अनुसूचित जातींसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. पुढे ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. तेथील वर्ग सकाळी भरत, त्यामुळे दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणाला पदवी घेणे शक्य झाले. गिरणी, गोदी वा कचेरीत पोटासाठी आलेल्या कोकणी तरुणाच्या दृष्टीने हे वेळापत्रक हेच पात्र होते. १९५० साली तत्कालीन औरंगाबादेत सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयाने मराठवाड्यातील पिढ्या घडविल्या.

धम्मदीक्षेनंतर मात्र एक विपरीत प्रसंग ओढवला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता होता, आणि १९५६ साली तो शिखांना सर्वत्र लागू झाला. बौद्ध मात्र बाहेर राहिले. महाराष्ट्र शासनाने १९६० पासून नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. केंद्राच्या सवलतींसाठी १९९० ची घटनात्मक आदेशातील दुरुस्ती होईपर्यंत वाट पाहावी लागली. दीक्षेपासून मोजले तर हा चौतीस वर्षांचा काळ होतो. आज केंद्रीय संस्थांत आपली मुले दिसतात ती या लढ्यामुळे, याचे विस्मरण होऊ नये.

आता सिंधुदुर्गाकडे वळू. देवगड तालुक्यात कुणकेश्वर आहे. समुद्रकाठचे शिवमंदिर, महाशिवरात्रीची जत्रा आणि हापूस यांमुळे ते सर्वांस परिचित आहे. शालान्त परीक्षांच्या निकालात कोकण विभागीय मंडळ स्थापनेपासून राज्यात अग्रेसर राहिले आहे. म्हणजे मुलांत कुवत नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. देवगडास महाविद्यालय आहे, तेथे पदवी घेता येते. पण विधी, संशोधन, पालीचे उच्च अध्ययन अशा वाटा बहुधा मुंबईपर्यंत जातात. बागेत किंवा बोटीवर हंगामी मजुरी करणाऱ्याच्या मुलासाठी प्रश्न गुणांचा राहत नाही. खोलीचे भाडे, खाणावळ आणि पहिल्या महिन्याचा खर्च कोण देणार, हा प्रश्न उरतो.

शिष्यवृत्ती मंजूर होते, पण पुष्कळदा वर्ष सरत आल्यावर हाती पडते. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी राज्य शासनाने २०१६-१७ पासून स्वाधार योजना सुरू केली, तिच्याही लाभासाठी कागदपत्रे वेळेवर लागतात. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. मुंबईत दोन पिढ्या राहिलेल्या कुटुंबाचा तो पुरावा बहुधा गावच्या प्राथमिक शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरातच असतो. बारावीनंतर धावपळ करण्यापेक्षा दहावीतच हा उतारा काढून ठेवणे शहाणपणाचे.

प्रवेशानंतरही प्रश्न संपत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली भेदभाव रोखण्यासाठी विनियम केले, समान संधी कक्ष नेमण्यास सांगितले. तरीही २०१६ साली हैदराबादेत रोहित वेमुला आणि २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी यांना आपण गमावले. दोघांच्या मातांना त्याच वर्षी, २०१९ साली, सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. नियम कागदावर असणे आणि वर्गात समानत्तता असणे यांतील अंतर यावरून कळते.

चूळपन्थकाची कथा येथे उपयोगी पडते. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना, म्हणून थोरल्या भावाने त्याला विहारातून जाण्यास सांगितले. भगवंतांनी त्याला परत बोलावले, शुभ्र वस्त्राचा तुकडा हाती दिला आणि शिकविण्याची रीतच बदलली. तो अर्हत झाला. शिष्य मागे पडला तर पद्धती तपासावी, असा या कथेचा बोध आम्ही घेतो. इंग्रजीतून चाललेल्या व्याख्यानात गप्प बसलेला देवगडचा विद्यार्थी मंद असतो असे नव्हे.

शासनाचे कर्तव्य शासनाने केलेच पाहिजे, आणि त्यासाठी आग्रह धरलाच पाहिजे. परंतु शिष्यवृत्ती येईपर्यंतच्या चार-सहा महिन्यांची पोकळी प्रत्येक विहाराला भरून काढता येईल. वर्षावासातील दानाचा एक हिस्सा याकरिता बाजूस ठेवावा. विद्यार्थ्याने शिष्यवृत्ती हाती आल्यावर ती रक्कम परत करावी, म्हणजे ती पुढच्याच्या कामी येईल. गावातील एका पदवीधराने अर्ज भरताना सोबत बसावे. मुंबईतील गावमंडळाने एका विद्यार्थ्याची राहण्याची सोय पाहावी. दान, प्रियवचन, अर्थचर्या आणि समानत्तता ही चारही साधने एवढ्या कामात एकत्र येतात.