डोळे येतात ते हातांवाटे

जुलै 2023 मधली गोष्ट. मुलुंडच्या आमच्या शाळेत पाचवीच्या वर्गात तीन मुले काळे चष्मे लावून आली. इतर मुले त्यांच्याशी बोलताना तोंड फिरवीत होती. "बाई, नुसतं बघितलं तरी होतं ना?" एका मुलीने विचारले. त्याच वेळी त्या तिघांपैकी एकाचे खोडरबर या बाकावरून त्या बाकावर फिरत होते. त्याचे मात्र कुणालाच काही वाटत नव्हते.

त्या महिन्यात आळंदीत शाळकरी मुलांमध्ये डोळ्यांची साथ सुरू झाली आणि पाहता पाहता ती राज्यभर पसरली. मुंबईची उपनगरेही सुटली नाहीत.

डोळ्याचा पांढरा भाग आणि पापणीची आतली बाजू यांवर एक पातळ, पारदर्शक आवरण असते. त्याला सूज आली की त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात व डोळा लाल दिसतो. धूळ, ॲलर्जी, जीवाणू अशी कारणे असू शकतात; पण पावसाळ्यातल्या मोठ्या साथी बहुधा विषाणूंच्या असतात. त्यांत ॲडिनोव्हायरस आणि एंटेरोव्हायरस हे दोन गट मुख्य.

विषाणू नजरेतून जात नाही. तो असतो अश्रूंत आणि डोळ्यांच्या घाणीत. मूल डोळा चोळते, तोच हात दाराच्या कडीला, नळाला, पेनला लागतो. तिथून तो दुसऱ्याच्या बोटावर जातो आणि ते बोट डोळ्याकडे जाते. घाटकोपरला गाडीत चढताना आपण धरतो त्या दांड्याला आपल्याआधी किती हात लागलेले असतात! ॲडिनोव्हायरस तर कोरड्या वस्तूवरही काही दिवस तग धरू शकतो. नजरेची समजूत टिकली, कारण ज्याचे डोळे आपण जवळून पाहतो त्याच्या वस्तूंनाच आपला हात लागतो. काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो, हात डोळ्याकडे कमी जातो. संसर्ग अडवण्याचे काम तो करीत नाही.

हे मुलांना सांगण्यापेक्षा दाखवावे. दोन मुलांना निरीक्षक करा. वर्गाला न सांगता 10 मिनिटांत कोण किती वेळा चेहऱ्याला हात लावतो ते त्यांनी मोजावे. नंतर तेलात कालवलेली हळद तळहाताला लावून एकदा नुसत्या पाण्याने आणि एकदा साबणाने चोळून हात धुवायला सांगा. नखांच्या कडांशी काय उरते ते पाहा. या विषाणूंना मेदाचे वेष्टन नसते, त्यामुळे करोनाच्या काळात उपयोगी पडलेले सॅनिटायझर इथे तितके भरवशाचे नाही. साबण, पाणी आणि चोळणे हेच खरे.

1971 साली अशीच साथ आली होती. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या त्या दिवसांत बंगालमध्ये तिला 'जॉय बांगला' हे नाव पडले. घानामध्ये हाच रोग 1969 साली, अपोलो 11 चंद्रावर उतरण्याच्या सुमारास दिसला होता, म्हणून तिकडे तो 'अपोलो रोग' झाला. मुंबईत डॉ. नोशीर वाडिया या मज्जाविकारतज्ज्ञांना वेगळेच काही दिसले: डोळे येऊन गेल्यावर काही थोड्या रुग्णांचे पाय लुळे पडत होते. हे निरीक्षण त्यांनी व सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये मांडले. त्या साथीमागे असणारा एंटेरोव्हायरस 70 पोलिओच्याच कुळातला. असे क्वचितच घडते, घाबरण्याचे कारण नाही. पण 'डोळेच तर आलेत' म्हणून हसण्यावारीही नेऊ नये.

आता घरगुती उपाय. गुलाबपाणी, मध, एरंडेल, बाळंतिणीचे दूध यांतले काही ना काही प्रत्येक घरात सुचवले जाते. विषाणूमुळे आलेले डोळे बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. त्यामुळे सहाव्या दिवशी जे घातले त्याला श्रेय मिळते. न घालताही बरे झालेल्यांची आठवण कोण ठेवतो? निर्जंतुक नसलेला कोणताही पदार्थ डोळ्यात गेला तर नवा संसर्ग होऊ शकतो. हळदीच्या पाण्यात भिजवलेला फडका मात्र मला एका गोष्टीसाठी आवडतो: पिवळा असल्यामुळे तो ओळखू येतो आणि दुसरे कुणी वापरत नाही! औषधी गुणासाठी नव्हे, आणि डोळ्याला लावायचा तर साधा स्वच्छ फडकाच बरा.

उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून पापण्या नाकाकडून बाहेर पुसाव्यात. बोळा एकदा वापरून टाकून द्यावा, दुसऱ्या डोळ्याला दुसरा घ्यावा. गार पट्टीने बरे वाटते. औषधाच्या दुकानातून मनानेच थेंब आणू नयेत. त्यांत स्टिरॉइड असले तर बुबुळावरची काही दुखणी चिघळतात आणि दृष्टी जाऊ शकते. फार दुखणे, उजेड अजिबात न सोसणे, अंधूक दिसणे, बुबुळावर पांढरा ठिपका, किंवा तान्ह्या बाळाचे डोळे येणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. घाटकोपरचे राजावाडी, जुहूचे कूपर अशा पालिकेच्या रुग्णालयांत डोळे तपासता येतात.

अडचण वेगळीच आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे आणि दोन टॉवेल असतील तर 'वेगळा टॉवेल वापरा' म्हणणे सोपे. आम्ही पालकांना एवढेच सांगितले: आजाऱ्याचा एक जुना पंचा वेगळ्या खिळ्याला अडकवा, त्याची उशी वेगळी ठेवा. आई-बाबा दोघेही कामाला जाणारे, म्हणून डोळे आलेले मूल शाळेत येते. त्याला ओरडून काय होणार? पाणी व घाण येणे थांबेपर्यंत घरी राहा, घटक चाचणी नंतर घेऊ, असे वर्गात सांगितल्यावर दुसऱ्याच दिवशी चार मुले घरी राहिली. त्यांतल्या दोघांनी डोळे आल्याचे तोवर लपवून ठेवले होते.