वेज बोर्डाची थकबाकी

21 नोव्हेंबर 2025ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि 1955चा श्रमिक पत्रकार कायदा त्यांच्या पोटात गडप झाला. आमच्याकडे तीन पेपर येतात. संहितांची बातमी तिन्हींत ठळक होती. ती लिहिणाऱ्यांचाच कायदा गेला, याबद्दल मात्र एकातही ओळ नव्हती. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तरी नव्हती.

पत्रकारांच्या संघटनेचा सुरुवातीचा इतिहास स्मरणिकांतून छापून छापून चोथा झाला आहे. 1950मध्ये दिल्लीत महासंघ, मग न्या. राजाध्यक्षांचा प्रेस आयोग, मग कायदा, मग 1958मध्ये सुप्रीम कोर्टात जाऊन मालकांनी रद्द करून घेतलेला, पत्रकारांचे पगार ठरवणारा पहिला वेज बोर्ड. हे मी इतक्या अधिवेशनांत ऐकलंय की आता सांगवत नाही. चार आठवड्यांत जास्तीत जास्त 144 तास काम आणि संपादकाला काढायचं तर सहा महिन्यांची नोटीस, ही त्या कायद्याची देणगी. अग्रलेख लिहिताना मालकाचा चेहरा डोळ्यांसमोर आणायची गरज नव्हती, ती या नोटिशीमुळे.

मी डेस्कवर आलो 1979ला. पुढच्याच वर्षी पगारांबद्दलचा पालेकर निवाडा आला, 1988मध्ये बदनामी विधेयकाविरुद्ध देशभरचे पत्रकार रस्त्यावर उतरले, आम्हीही घसे बसवून घेतले आणि राजीव गांधींच्या सरकारला ते विधेयक गुंडाळावं लागलं. 1989ला बच्छावत वेज बोर्ड आला. त्या थकबाकीतून मी स्कूटर घेतली.

आणि मग नव्वदचं दशक. आधी डीटीपी आलं, त्यापाठोपाठ मुद्रितशोधक जायला लागले. युनियनच्या बैठकीत हा विषय निघाला की पुढारी म्हणायचे, 'पुढच्या वेळी घेऊ.' त्यांचं चित्त सरकारी कोट्यातल्या घरांत आणि अधिस्वीकृती समितीवरच्या खुर्चीत. मुद्रितशोधकाला मंत्रालयाचा पास लागत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी मोर्चा निघाला नाही. (आज शीर्षकातसुद्धा ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, याचं मूळ मला त्या बैठकांत दिसतं. म्हातारपणाची कुरकुर म्हणा.)

दुसरं आलं ते कंत्राट. व्यवस्थापन एकेकाला केबिनमध्ये बोलवायचं. वेज बोर्डातून राजीनामा द्या, तीन वर्षांचा करार करा, पगार जवळपास दुप्पट. मोर्चा फोडायला पोलीस लागतात, युनियन फोडायला एक लिफाफा पुरला. पुढाऱ्यांना मी एवढी वर्षं शिव्या घातल्या, पण त्यांनी मला सही करायला सांगितली नव्हती. 1995मध्ये सही मीच केली. मुलीचं शिक्षण होतं, ठाण्यातल्या घराचा हप्ता होता, आणि खरं सांगायचं तर शेजारच्या टेबलावरच्यानं आधी केली होती.

सहीच्या आदल्या रात्री शहर आवृत्ती सोडल्यावर कराराचे तीन कागद मी आमच्या उरल्यासुरल्या मुद्रितशोधकापुढे ठेवले. त्यांनी सवयीनं ओळीवर पट्टी ठेवून वाचले. म्हणाले, ''चूक कुठे नाही. फक्त तीन वर्षांनी काय, ते छापायचं राहिलंय.'' त्यांनी स्वतःचा लिफाफा परत केला. दोन महिन्यांत त्यांची बदली जिल्हा आवृत्तीत झाली. युनियनकडे तक्रार करायला ते गेले, तेव्हा सभासदांच्या वहीत आमच्या डेस्कवरची तीनच नावं उरली होती. त्यांत माझं नव्हतं.

पुढचं भराभर सांगतो. मणिसाना वेज बोर्ड आला, कोणाला मिळाला ते शोधावं लागलं. मजिठिया वेज बोर्डाची अधिसूचना 11 नोव्हेंबर 2011ची. 2014ला सुप्रीम कोर्टानं ती उचलून धरली आणि 2017मध्ये सांगितलं की कंत्राटावरच्यांनाही ती लागू आहे. त्या दिवशी माझ्या कराराचं तेवढं पाप फिटलं असतं, पण मी 2010लाच निवृत्त झालो होतो.

निकालाच्या संध्याकाळी त्या मुद्रितशोधकांचा फोन आला. निकालाची प्रत मिळेल का, असं विचारत होते. त्यांनाही तो लागू नव्हता, माझ्या आधीच निवृत्त झालेले. मग कशाला हवी, असं मी विचारलं.

''वाचायला,'' म्हणाले.