'त्रिरेमिस' : एका नौकेच्या नावाचे व्याकरण

रोमन लोक आपल्या एका युद्धनौकेस 'त्रिरेमिस' म्हणत. 'त्रि' म्हणजे तीन व 'रेमुस' म्हणजे वल्हे. अवघ्या तीन वल्ह्यांनी युद्धनौका चालावी कशी, ही शंका कोणासही यावी. तिचे उत्तर पुढे येईल. आधी शब्द पाहू.

हा समास आपल्या परिचयाचा आहे. दशानन म्हणजे दहा तोंडे नव्हेत, दहा तोंडे असणारा. तसाच हा बहुव्रीही. 'रेमुस' पुल्लिंगी खरा, परंतु समास झाल्यावर ते विशेषण बनते, शेवटी 'इस्' येतो, आणि नौकावाचक 'नाविस' हे विशेष्य स्त्रीलिंगी म्हणून शब्दही स्त्रीलिंगी. पुढे 'नाविस' गळाले, लिंग मात्र राहिले. मुलगा 'चौथीत' आहे असे आपण म्हणतो. तेथेही 'इयत्ता' गळून तिचे स्त्रीत्व उरले आहे!

'रेमुस'मध्ये पूर्वी एक 'स्' होता. इ.स.पू. २६० मध्ये दुइलियुसने कार्थेजच्या आरमारावर मिळविलेल्या विजयाच्या स्तंभावर 'त्रिरेस्मोस' असे रूप आढळते. (आजचा लेख नंतर, साम्राज्यकाळी कोरलेला आहे.) 'रेमुस' व संस्कृत 'अरित्र' एकाच धातूचे, 'नाविस' आणि आपली 'नौ' याही बहिणीच. ऋग्वेदात अश्विनांच्या नौकेस 'शतारित्रा' म्हटले आहे. तोही बहुव्रीही, तोही नौकेमुळे स्त्रीलिंगी. ही घडण उसनी घेतलेली नव्हे, घरचीच.

आता ती शंका. रोमनांपुढे नमुना होता ग्रीक 'त्रिएरेस' हा. त्यात वल्हे हे नाम नाही, वल्हविणे हा धातू आहे. अथेन्सच्या त्रिएरेसवर १७० वल्हेकरी तीन थरांत बसत: वर ६२, मध्ये ५४, खाली ५४, प्रत्येकाच्या हाती एक वल्हे. म्हणजे तीन हा आकडा थरांचा.

पण मग 'क्विंक्वेरेमिस', पाचांची नौका? जुन्या काही पंडितांनी कागदावर पाच थर रचले. सर्वांत वरचे वल्हे इतके लांब होई की ते कोणास पेलू नये. पोलिबियस सांगतो, इ.स.पू. २५६ मध्ये एक्नोमुसच्या लढाईत अशा प्रत्येक रोमन नौकेवर ३०० वल्हेकरी होते. आज बहुतेक अभ्यासक मानतात की एका वल्ह्यास दोन-दोन माणसे लावीत आणि पाच ही एका उभ्या गटातील माणसांची गणती. मला हेच पटते. लॅटिन शब्द वल्ही मोजतो, जहाजावर मोजली जात ती माणसे.

तीन थरांबद्दलचा वाद मात्र पाण्यावरच तपासला गेला. १९८७ साली ग्रीसमध्ये 'ऑलिंपियास' ही त्रिएरेस नव्याने बांधून समुद्रात उतरविली, आणि हौशी स्त्रीपुरुषांनी तिन्ही थरांतून ती वल्हवून दाखविली.