पाकिटातले पाकीट

संगणकाच्या पायथन भाषेत पायडँटिक नावाचे एक साधन आहे. सॅम्युएल कॉल्विन यांनी ते २०१७ साली सुरू केले. त्याचे काम कचेरीच्या खिडकीवरल्या कारकुनाचे. आलेली माहिती ठरल्या नमुन्याची नसेल, तर ती तिथेच परत करायची.

समजा, शिष्यवृत्तीची यादी करायची आहे. ‘विद्यार्थी’ हा एक नमुना. त्यात नाव, इयत्ता आणि ‘पत्ता’. पत्ता हाही स्वतंत्र नमुनाच. त्यात गाव, तालुका, पिनकोड. म्हणजे पाकिटात पाकीट! गाव हवे असेल तर आपण लिहितो: विद्यार्थी, टिंब, पत्ता, टिंब, गाव. (पायथन ३ मध्ये अशी नावे देवनागरीतही चालतात बरं का.) आणि निम्म्या यादीवर काम थांबते. पडद्यावर येते ‘ॲट्रिब्यूट एरर’: ‘डिक्ट’ या वस्तूला ‘गाव’ नावाचा गुण नाही.

नवशिका त्या ओळीशीच झटापट करीत बसतो. ती ओळ बिचारी निर्दोष असते. निरोपातला ‘डिक्ट’ हा शब्द आधी वाचावा. डिक्ट म्हणजे सुटी नोंद, नमुन्यात न बसवलेली. मग ती खिडकीतून आत आली कशी?

विद्यार्थी तयार होताना कारकून आतले पाकीटही उघडतो आणि सुट्या नोंदीचा रीतसर पत्ता करतो. पण पुढे एखाद्या मुलीचे बिऱ्हाड बदलले, आणि कुणी नव्या पत्त्याची सुटी नोंद थेट तिथे ठेवली, तर तो मान वर करूनही पाहत नाही! नंतरची तपासणी मुळात बंदच असते. नमुन्याच्या मांडणीत ‘व्हॅलिडेट असाइनमेंट’ चालू केले, की नोंद ठेवतानाच तपासली जाते. ‘मॉडेल कन्स्ट्रक्ट’ने वस्तू घडवली तरी तपासणी टळते. कधी तर पत्त्याचा प्रकारच ‘डिक्ट’ म्हणून लिहिलेला असतो. मग कारकुनाला बोल कशाला लावायचा?

निरोपात ‘नन्-टाइप’ असेल तर गोष्ट निराळी. तिथे पत्ता ऐच्छिक ठेवलेला आहे आणि या मुलाचा आलेला नाही. गाव विचारण्याआधी ‘पत्ता आहे का’ हे विचारले पाहिजे.

काही जण ‘गेटॲटर’ वापरून गावाच्या जागी कोरी जागा छापतात. मला हा उपाय मुळीच पसंत नाही. यादी पुरी दिसते, पण त्या मुलीचे पत्र कुठे धाडायचे? त्यापेक्षा एकेका टिंबापाशी थांबून ‘टाइप’ विचारावा: विद्यार्थ्याचा, मग पत्त्याचा. अपेक्षेबाहेरचे उत्तर जिथे येईल, तिथून मागे जाऊन ती वस्तू कोणत्या ओळीने ठेवली ते शोधावे.